पसा, पाळी आणि ‘कंट्रोल’

पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाचीला आमच्या घरातलं एक साधं वाक्य कळलं नाही. आई तिला म्हणाली, “जरा बघून ये गं, कंट्रोल उघडलं का.” भाची पायरीवरच थबकली. कंट्रोल उघडतं कसं? रायपूरच्या बूढापाऱ्यात कंट्रोल हे दुकान असतं, हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे रेशन!” तेवढ्यात भांडी घासत असलेल्या बाईंनी मागून दुरुस्ती केली, “सोसाइटी.” आणि दुकानावरची पाटी म्हणते, ‘शासकीय उचित मूल्य दुकान’. महाराष्ट्रात त्याच पाटीवर ‘रास्त भाव दुकान’ असतं.

एकाच गोणीतल्या तांदळाची ही चार-पाच नावं. कंट्रोल सांगतं की भाव बांधलेला आहे. रेशन सांगतं की माप बांधलेलं आहे. उचित मूल्य आणि रास्त भाव न्यायाची भाषा बोलतात, सोसायटी दुकान कोण चालवतं ते सांगते. गोणीतलं धान्य कोणाचं, हे मात्र यांतलं एकही नाव सांगत नाही. वाटपाचे शब्द गोळा करण्याचा नाद मला त्या दिवसापासून लागला. शब्द हाती आला की मी तीनच गोष्टी बघतो: त्यात देणारा दिसतो का, घेणारा दिसतो का, आणि घेणारा कोणत्या नात्यानं हात पुढे करतो.

या कामाला बूढापारा बरा. ‘पारा’ म्हणजे वस्ती, आपल्या ‘पाड्या’चा भाऊ. बूढा तलावाच्या काठची ही जुनी वस्ती. शेजारी तात्यापारा आहे, ‘तात्या’ हा शब्द इथे कोणी आणला ते सांगायला नको. भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं या भागात आहेत. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे आमच्या मराठीला एक कान हिंदीचा आणि एक छत्तीसगढीचा आहे. पुणेकर त्याला बिघडलेली मराठी म्हणतात. म्हणोत.

तर कंट्रोल. हा शब्द नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियापासून रायपूरपर्यंत सलग सापडतो. तिकडे आजही ‘कंट्रोलचं दुकान’, ‘कंट्रोलचा तांदूळ’ असंच म्हणतात. मुंबईच्या बाजूला हा शब्द मागे पडला आणि रेशन पुढे गेलं. दोन्ही दुसऱ्या महायुद्धाची देणगी. मुंबईत २ मे १९४३ रोजी शिधावाटप सुरू झालं, त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. मुंबईला धान्य बाहेरून यायचं, तेव्हा आलेलं धान्य माणशी किती, हा तिथला प्रश्न होता. छत्तीसगड म्हणजे भाताचं कोठार. इथला प्रश्न भाव किती बांधायचा आणि माल जिल्ह्याबाहेर किती जाऊ द्यायचा, हा. म्हणून तिकडे माप सांगणारा शब्द रुजला आणि इकडे भाव सांगणारा, असा माझा तर्क आहे. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून नियंत्रणं उठू लागली आणि १९४८ मध्ये परत बसली. ‘कंट्रोल उठला’, ‘कंट्रोल बसला’ असं जुनी माणसं म्हणत, जणू तो एखाद्या फांदीवरचा कावळा. काळाबाजार, साठेबाजी, नफेखोर हे शब्दही त्याच दिवसांत घरोघरी पोचले.

सरकारनं रेशनला ‘शिधा’ हा मराठी शब्द दिला. शिधापत्रिका, शिधावाटप अधिकारी, शिधावाटप नियंत्रक. मूळचा शिधा म्हणजे ब्राह्मणाला, गोसाव्याला किंवा पाहुण्याला स्वतः रांधून खायला द्यायचं कोरडं धान्य: तांदूळ, डाळ, पीठ, तूप, मीठ. व्युत्पत्ती ‘सिद्ध’कडे नेतात. हिंदीत याचाच ‘सीधा’ झाला आणि बूढापाऱ्यात पितृपक्षात अजूनही सीधा काढून ठेवतात. या शब्दात देणारा यजमान असतो आणि घेणाऱ्याचा मान असतो. सरकारनं तो उचलला तेव्हा मान घरीच राहिला. शिधापत्रिका हा शब्द अर्जावर लिहितात, बोलताना ‘रेशनकार्ड’च म्हणतात. पुढे २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारनं शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ काढला आणि ऐंशी वर्षं कागदावर पडून राहिलेला शब्द एकदम लोकांच्या तोंडी आला. सणाचं धान्य म्हटल्यावर शिध्याला त्याचं जुनं घर सापडलं.

घरातले शब्द याहून जुने आणि जास्त बारीक आहेत. माझी आजी तांदूळ पशानं मोजायची: माणशी एक पसा, पाहुणा आला तर वर एक. पसा म्हणजे पसरलेल्या तळव्यात मावेल तेवढं. छत्तीसगढीत तोच ‘पसर’. (पसायदानाचा या पशाशी संबंध लावणारे बरेच भेटतात. तिथला ‘पसाय’ म्हणजे प्रसाद, हा पसा वेगळा.) पायलीला इथे पैली म्हणतात. आपल्याकडे वीस मणांची खंडी, इथे वीस काठ्यांची खाँडी. खळ्यावर पहिलं माप टाकताना मराठी शेतकरी ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो, छत्तीसगढी शेतकरी ‘राम’ म्हणतो, मग दोन, तीन. मोजणी आकड्यानं सुरू करायची नाही, हा संकोच दोन्हीकडे सारखा. पौष पौर्णिमेला इथे छेरछेरा असतो. मुलं दारोदार नव्या धानाचा वाटा मागत फिरतात आणि घरधनीण तो पसरानंच घालते. त्या दिवशी मागणाऱ्याला कोणी मागता म्हणत नाही.

स्वयंपाकघरात मात्र खरी कसोटी ‘वाढणे’ या क्रियापदाची. मराठीत वाढणे म्हणजे मोठं होणं आणि वाढणे म्हणजे पानात घालणं. दिवा वाढवतात, दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, बांगडी वाढते, म्हणजे संपण्याफुटण्यालाही हाच शब्द. जिथे थोडं आहे तिथे थोडं म्हणायचं नाही, ही आपल्या बायकांची शिस्त या एका क्रियापदात आहे. भाजी कमी असली की वाढणारी ‘हात राखून’ वाढते आणि पंक्तीत कोणाला कळू देत नाही. ‘पुरवून पुरवून’ वापरते. ‘बेताचं’ आहे म्हणते, ‘कमी’ म्हणत नाही. उलट भरपूर असेल तेव्हाचं क्रियापद भलतंच आहे: लुटणे. संक्रांतीचं वाण लुटायचं, दसऱ्याला सोनं लुटायचं. इथे लुटणं हा शब्द देण्याला वापरतात.

या हात राखण्याची दुसरी बाजू पण लिहायला हवी. पंक्तीत कोणाला कळत नसे, पण वाढणारी शेवटी बसे आणि तिच्या वाट्याला काय उरे ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे. ‘उरलंसुरलं’ हा शब्द बायकांच्या ताटाचा आहे. छत्तीसगडच्या २०१२ च्या अन्न कायद्यानं कार्ड घरातल्या प्रौढ बाईच्या नावावर काढलं आणि वर्षभरानं केंद्राच्या कायद्यानंही तेच केलं. घरातल्या वाटपाचा शब्दकोश ज्यांनी चालवला, त्यांचं नाव पहिल्यांदा कार्डावर वर आलं.

धान्य मोजून ठेवता येतं, पाणी वाहून जातं, म्हणून त्याचं वाटप वेळ मोजून होतं. त्याचा शब्द पाळी. कालव्याची पाणीपाळी, रब्बीचं आवर्तन, आणि शेजाऱ्यामागून शेजारी अशी येणारी शेजपाळी. धुळे-नंदुरबार-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतकं चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. नदीला पाणी कमी असलं की भिजवायचे फडच कमी करायचे. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे तूटही सगळ्यांच्या वाट्याला येई. पाटकरी, बारेकरी, जागल्या ही तिथली हुद्देदार मंडळी. ‘बारं देणे’ म्हणजे पिकाला पाणी देणं आणि ‘बारी’ म्हणजे पाळी. नागपूरकडे ‘माझी बारी’ म्हणतात, हिंदीतही तोच शब्द. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली तेव्हा त्यांनी या भाषेत एक नवीच गोष्ट घातली: पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरावर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवायचा, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा आज नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा भांडणात ऐकू येणारा जड शब्द तिथे एवढा साधा होता.

पाळीचा शब्द गोड वाटतो कारण त्यात आपली पाळी येणार हे गृहीत आहे. धमतरीजवळच्या कंडेल गावात १९२० मध्ये ते गृहीत मोडलं. गावकऱ्यांनी कालव्याचं पाणी चोरलं असा सरकारनं आरोप केला, गावावर दंड बसवला, वसुलीसाठी गुरं जप्त केली. गावानं दंड भरायला नकार दिला. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले हे नेते. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. इतिहासाच्या पुस्तकांत तो ‘नहर सत्याग्रह’ म्हणून आहे. माझ्या दृष्टीनं तो एका शब्दावरचा खटला होता: तेच पाणी सरकारच्या वहीत ‘चोरी’ आणि गावाच्या तोंडी ‘आमच्या शेतावरून जाणारं’.

आणि आता माझा लाडका शब्द, निस्तार. पुण्यात ‘आता तूच निस्तर’ म्हणजे तू केलेला घोळ तूच आवर. चंद्रपूर-गडचिरोलीत निस्तार म्हणजे गावाचा हक्क: जळण, बांबू, चराई, तलावाचं पाणी. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदांत ‘निस्तार पत्रक’ असतं आणि गावाच्या गरजा त्यात मांडलेल्या असतात. छत्तीसगडात आंघोळी-धुण्याच्या तळ्याला आजही ‘निस्तारी तालाब’ म्हणतात. बूढा तलावाचं आता विवेकानंद सरोवर झालं, मध्ये विवेकानंदांचा भला मोठा पुतळा आहे, संध्याकाळी दिवे लागतात. तळ्याला सरोवर म्हटलं की त्यात कोणी धुणं धुवायला जात नाही. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. हा सरकारी कागदावरच्या आद्याक्षरांतून आलेला शब्द, तरी नात्याचा वाटतो. एवढं भाग्य सगळ्याच सरकारी शब्दांना लाभत नाही.

ते सरकारी शब्द पाहू. महाराष्ट्राच्या पुरवठा खात्यात धान्याचं ‘नियतन’ मंजूर होतं, जिल्ह्याला ‘इष्टांक’ असतो, दुकानदार गोदामातून ‘उचल’ करतो आणि ‘परिमाणा’नुसार वाटप होतं. छत्तीसगडात याच साखळीला ‘आवंटन’, ‘उठाव’, ‘भंडारण’, ‘वितरण’ म्हणतात. नियतन हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो नियतीचा भाऊ वाटला, आणि तसं वाटणं फारसं चूक नव्हतं. इष्टांकाचा अर्थ व्यवहारात असा: तुमच्या तालुक्यात गरीब किती आहेत हे मोजण्याआधी किती असावेत हे ठरलेलं असतं. इष्टांक भरला की नवं नाव चढत नाही. हा निर्णय कोणी घेतला, असं विचारायला त्या शब्दात जागाच नाही.

दोष शब्द घडवणाऱ्यांचा म्हणावा, तर तेही आमच्या गल्लीतले निघतात. बूढापाऱ्यात ज्यांच्या नावाची शाळा आहे, त्या माधवराव सप्र्यांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राची हिंदी परिभाषा जमवली. घरी मराठी बोलणाऱ्या माणसानं हिंदीला पैशापाण्याचे शब्द दिले, आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ही हिंदीत नेले. मध्य प्रांताचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचं घरही बूढापाऱ्यातलं. त्यांच्या सरकारच्या पाठबळानं डॉ. रघुवीर यांनी नागपुरात बसून संस्कृत धातूंतून प्रशासनाचे शब्द हजारोंनी पाडले. १९५० च्या कायद्यानं त्या प्रांतात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा झाल्या, तेव्हा दोघींनाही एकाच टांकसाळीची नाणी लागणार होती. त्यांतली बरीच चालली, बरीच विनोदाचा विषय झाली. पण ‘कंट्रोल’ला ती हटवू शकली नाहीत.

सरकारी शब्दांचा दुसरा गुण म्हणजे ते टंचाईचं नावही पातळ करतात. महाराष्ट्रात दुष्काळ पडत नसे, ‘टंचाईसदृश परिस्थिती’ उद्भवत असे. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाचा धाक बसला आणि ‘टंचाईसदृश’ जाऊन कागदावर ‘दुष्काळ’ आला. १९७२ च्या दुष्काळाला मात्र लोकांनी स्वतःचे शब्द ठेवले: सुकडी आणि मिलो. खडी फोडणाऱ्यांना मिळणारी सुकडी आणि अमेरिकेची ती लाल ज्वारी. त्या पिढीच्या माणसासमोर ‘मिलो’ म्हणून बघा, चेहरा बदलतो.

बोलीनंही देणाऱ्याला लपवायची युक्ती शोधलेली आहे, हे मान्य करायला हवं. नागपुरात आणि आमच्याकडे ‘नळ आले’ म्हणतात, ‘नळ गेले’ म्हणतात, जसे पाहुणे. धरणातलं पाणी ‘सुटतं’. धान्य ‘येतं’. गॅसचा नंबर ‘लागतो’. वाक्यात कर्ता नाही, त्यामुळे जाब विचारायलाही कोणी नाही. पावसाची भाषा आपण पुरवठ्याला लावली.

एका भाषेवरून दुसरीतल्या अर्थाचा अंदाज बांधला की तो चुकतो, विशेषतः शिव्यांच्या प्रांतात. २०२२ च्या जुलैत पंतप्रधानांनी निवडणुकीतल्या फुकट वाटपाला ‘रेवडी’ म्हटलं. हिंदीत आंधळ्यानं रेवड्या वाटाव्यात आणि फिरून आपल्याच माणसांना द्याव्यात अशी म्हण आहे, तिच्यातून ती आली. मराठी वाचकाला ‘रेवडी उडवणे’ म्हणजे टर उडवणं ठाऊक, त्यामुळे ‘रेवडी संस्कृती’ वाचून कित्येकांना वाटलं की टवाळीबद्दल काहीतरी चाललंय. आपल्याकडे या कामाला ‘खिरापत’ आहे, ती बरी होती. रायपूरच्या वर्तमानपत्रांचा आवडता शब्द ‘बंदरबाँट’. दोन मांजरांचं लोणी माकडानं खाल्ल्याची गोष्ट मराठीतही आहे, पण आपण तिचा शब्द केला नाही. सरकार ‘मोफत’ म्हणतं, शेजारी ‘फुकट’ म्हणतो, छत्तीसगढीत तेच ‘फोकट’. हा फरक कोणत्याही कोशापेक्षा रांगेत जास्त स्पष्ट कळतो.

इथल्या रांगेबद्दल थोडं चांगलंही सांगतो. छत्तीसगडनं २००४ मध्ये ही दुकानं खासगी मालकांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गटांकडे दिली. भांडी घासणाऱ्या बाईंची ‘सोसाइटी’ इथली. २००७ मध्ये तांदूळ तीन रुपये किलो झाला, पुढे दोन आणि एक रुपयावर आला, आणि मुख्यमंत्री रमणसिंह यांना लोकांनी ‘चाउरवाले बाबा’ केलं. जाँ द्रेझ आणि रितिका खेरा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या व्यवस्थेचं कौतुक केलं. २०१५ मध्ये नागरी पुरवठा महामंडळावर छापे पडले आणि त्याचं हिंदी आद्याक्षरी नाव ‘नान’ घोटाळ्याला चिकटलं, तेही याच राज्यात. दोन्ही खरं आहे.

पण या शब्दांची सगळ्यात मोठी परीक्षा तांदळावर झाली नाही, लशीवर झाली. एप्रिल २०२१ मध्ये रायपूरला श्वास पुरेना. बूढापाऱ्यातलं इनडोअर स्टेडियम कोविड केंद्र झालं होतं, जिथे बॅडमिंटनचा आवाज यायचा तिथे खाटा लागल्या होत्या. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस सुरू झाली आणि लशी होत्या मोजक्या. राज्य सरकारनं क्रम लावला तो रेशनकार्डाच्या रंगांवर: आधी अंत्योदय, मग दारिद्र्यरेषेखालचे, मग वरचे. दवाखान्याच्या दारात कंट्रोलची भाषा जशीच्या तशी आली. हायकोर्टात आक्षेप गेले. सरकारचं म्हणणं, ज्यांना मोबाइलवर नोंदणी जमत नाही त्यांना ‘प्राथमिकता’. विरोधकांचं म्हणणं, हे लशीतलं ‘आरक्षण’ आहे. बिलासपूरच्या न्यायालयानं फक्त कार्डावर आधारलेल्या क्रमाला हरकत घेतली. सरकारनं त्या वयाचं लसीकरणच थांबवलं. मग न्यायालयानं सांगितलं, थांबवू नका, सगळ्या गटांना वाटा द्या. आठवडाभर शहर या दोन शब्दांवर भांडत होतं. प्राधान्य म्हणजे कोणाची पाळी आधी आणि आरक्षण म्हणजे कोणाचा हिस्सा राखीव, हा फरक कॉलेजात कधी नीट कळला नव्हता, तो तेव्हा कळला. पाळी लांबली तर माणूस थांबतो, हिस्सा दिसला नाही तर चिडतो. आणि बाटल्या दोन्ही पक्षांना सारख्याच कमी होत्या.

त्या गोंधळात एक शब्द कोणीच वादात घेतला नाही. महाराष्ट्रात तो ‘लाभार्थी’ आहे, मध्य प्रदेश-छत्तीसगडात ‘हितग्राही’. एक लाभ मागायला आलेला, दुसरा कोणी केलेलं हित पदरात घेणारा. दोघंही हात पसरूनच उभे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या तिसऱ्या कलमाचा मथळा मात्र धान्य मिळण्याच्या हक्काबद्दल बोलतो, आणि माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो ही त्या हक्काची मापं आहेत. छेरछेऱ्याला आलेल्या पोराला जो मान आमच्या गल्लीत मिळतो, तेवढाही ‘लाभार्थी’ या शब्दात नाही. मराठी वर्तमानपत्रांनी निदान अन्नसुरक्षेच्या बातमीत त्या जागी ‘हक्कदार’ लिहावं. शब्द जुना आहे, सगळ्यांना कळतो, आणि मथळ्यात एकच अक्षर वाढतं.

नागपूर-रायपूरकडच्या वाचकांना एक विनंती. १९५६ च्या आधीचं, दोन्ही भाषांच्या प्रांतातलं रेशनकार्ड घरात कुठे ट्रंकेत असेल, तर त्यावर कुटुंबप्रमुखाच्या नावाआधी कोणता शब्द छापलेला आहे तो बघा आणि कळवा. तोवर ते रद्दीत घालू नका.